4017 वरचा सिक्वेन्सर पायऱ्या गाळतोय?

घरी सिक्वेन्सर (ठरलेले स्वर एकामागून एक, पायरीपायरीने वाजवणारं सर्किट) बनवताना बहुतेकजण सीडी4017 या स्वस्त काउंटर चिपपासून सुरुवात करतात. क्लॉकच्या, म्हणजे ताल देणाऱ्या सिग्नलच्या, दर ठोक्याला तिचं एकेक आउटपुट चालू होतं आणि तिथला पॉट (फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचा रेझिस्टर) त्या पायरीचा स्वर ठरवतो. माझा पहिला सिक्वेन्सर मात्र नुसता हात जवळ नेला तरी उड्या मारायचा. दोन संध्याकाळी सोल्डरिंगला दोष दिला, आणि निघालं काय, तर 13 नंबरची, म्हणजे मोजणी थांबवणारी, पिन मोकळी लोंबकळत होती! 4017 सारख्या सीमॉस प्रकारच्या चिपची इनपुट पिन मोकळी ठेवली की ती अँटेनासारखी वागते.

म्हणून 13 थेट ग्राउंडला जोडा. 15 म्हणजे रीसेट; दहाही पायऱ्या हव्या असतील तर तीही ग्राउंडला. आठच हव्यात? मग 9 नंबरची पिन 15 ला जोडा, नववी पायरी येताच मोजणी पहिल्यावर येते. 16 (वीजपुरवठा) आणि 8 (ग्राउंड) च्या मध्ये, चिपला अगदी चिकटून, 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

पॉट 10 किलोओहमचे घ्या. प्रत्येकाच्या मधल्या पायाला 1एन4148 डायोड लावून सगळे एका तारेवर आणा, आणि ती तार 100 किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला बांधा. डायोड साधारण 0.6 व्होल्ट खातो, त्यामुळे सूर कानानेच लावावा लागतो.