आधी चाकाचे फेरे, मग मोटर
इलेक्ट्रिक गाडीची मोटर आणि गिअर यांच्या डिझाइनला बसते तेव्हा मी आधी गाडीचं चाक बघते. त्रिज्या 0.3 मीटर, कमाल वेग ताशी 150 किमी धरला, तर चाक मिनिटाला सुमारे 1326 फेरे घेतं. मोटर मिनिटाला 12000 फेऱ्यांची असेल तर मोटर आणि चाक यांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर 9 च्या आसपास येतं. ते गिअरच्या दोन टप्प्यांत विभागा: 23 दात्यांच्या गिअरला 70 दात्यांचा, मग 23 ला 68 दात्यांचा. 23 मुद्दाम घेतलेत. ती मूळ संख्या, म्हणून दात्यांच्या त्याच जोड्या सारख्या भिडत नाहीत, झीज सगळीकडे सारखी होते. दाते तिरपेच ठेवा, सरळ दाते फार किंचाळतात.

जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हवा? स्टेटरचा (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाचा) व्यास तोच ठेवून त्यातल्या पत्र्यांची चळत लांबवा. दुप्पट लांबीला टॉर्क जवळपास दुप्पट, मोटरचं पुढचं झाकण तेच. गिअरच्या दात्यांची रुंदी मात्र पहिल्यापासूनच यातल्या सर्वांत मोठ्या मोटरच्या टॉर्कवर ठरवा.