लोरा गेटवेकडे संदेश का पोहोचत नाहीत: ८६५ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील व्यत्यय कसा शोधावा आणि कमी करावा

लोरा ही कमी शक्तीत लांबवर छोटे संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत आहे; तिच्यात नोड (छोटी उपकरणे) संदेश पाठवतात आणि गेटवे ते ऐकतो. लोरा नोडचे संदेश गळू लागले, की बहुतेक जण सर्वप्रथम स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ, म्हणजे संदेश किती सावकाश पाठवायचा ही सेटिंग) ७ वरून १२ वर नेतात. नोड खरोखरच लांब असेल तर हा उपाय योग्य आहे. परंतु शेजारच्या दुसऱ्या रेडिओ यंत्रणेमुळे व्यत्यय येत असेल, तर याच उपायाने दुखणे वाढते. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी गळतीचे कारण अंतर आहे की व्यत्यय, हे आधी ठरवावे.

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवण्यात आला. याच पट्ट्यात टोलनाक्यांवरचे फास्टॅग रीडर, गोदामांमधले आरएफआयडी रीडर (रेडिओने टॅग वाचणारी यंत्रे) आणि स्मार्ट वीजमीटरांचे आरएफ मेश (मीटरांचे आपसातले रेडिओ जाळे) चालते. नियमानुसार अँटेनातून ४ वॅटपर्यंत प्रभावी शक्ती सोडता येते, तर बॅटरीवरचा लोरा नोड सहसा २५ ते १०० मिलिवॅटवर बोलतो. परवाना लागत नाही, तसे व्यत्ययापासून संरक्षणही मिळत नाही. त्यामुळे शेजाऱ्याने नियम पाळले असतील तर तक्रारीला जागा नाही आणि तोडगा आपल्यालाच काढावा लागतो.

गेटवेच्या लॉगमध्ये प्रत्येक संदेशासोबत आरएसएसआय (गेटवेला मिळालेली रेडिओ शक्ती) आणि एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती डेसिबल वर किंवा खाली आहे) असे दोन आकडे येतात. ते नेहमी जोडीने वाचावेत. १२५ किलोहर्ट्‌झ रुंदीच्या चॅनलमध्ये चांगल्या रिसीव्हरचा गोंगाट साधारण −११७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) असतो. आरएसएसआय −११५ च्या आसपास असून एसएनआर उणे असेल, तर नोड लांब किंवा आडोशाला आहे. परंतु आरएसएसआय −९५ आणि एसएनआर −८ अशी जोडी दिसली, तर त्या चॅनलवरचा गोंगाटच −९५ पर्यंत चढला आहे, म्हणजे वीसहून अधिक डेसिबल बाहेरून येत आहेत. लॉगमध्ये फक्त वाचता आलेले संदेश दिसतात. हरवलेले किती, हे फ्रेम काउंटरमधल्या (संदेशांच्या अनुक्रमांकांमधल्या) खंडांवरून मोजावे आणि तासवार लिहून ठेवावे.

यानंतर आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) गेटवेच्याच अँटेनाला जोडावा, कारण टेबलावरच्या छोट्या अँटेनाला छतावरची परिस्थिती कळत नाही. हा डोंगल एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्‌झ दाखवतो, त्यामुळे ८६५ ते ८६७ एकाच पडद्यावर मावते. वॉटरफॉलमध्ये (कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेवर सिग्नल होता, हे दाखवणाऱ्या चित्रात) लोराचे चर्प (वारंवारता सरकत जाणारे सिग्नल) तिरक्या रेघांसारखे उमटतात. रीडर एकाच जागी जोरकस, जवळजवळ अखंड पट्टा सोडतो. दिसलेले शिखर खरे आहे का, हे तपासण्यासाठी गेन (डोंगल सिग्नल किती मोठा करतो ती सेटिंग) १० डेसिबलने कमी करावा: खरे शिखर तेवढेच खाली येते, तर डोंगलवर ताण आल्याने उमटलेले खोटे शिखर त्याहून बरेच जास्त घसरते. मग अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (बाहेरचा सिग्नल न पकडणारा रोध) लावून पाहावे. तरीही गोंगाट राहिला तर तो आपल्याच पॉवर सप्लायमधून किंवा गेटवेच्या पेटीतून येत आहे.

सर्व चॅनलवर, दिवसरात्र सारखाच गोंगाट असेल, तर जवळचा मोबाइल टॉवर तपासावा. ८५० बँडमध्ये टॉवरचे प्रसारण ८६९ मेगाहर्ट्‌झपासून सुरू होते, आणि जवळच्या टॉवरची शक्ती गेटवेच्या पहिल्या ॲम्प्लिफायरला बहिरे करू शकते. अशा वेळी अँटेना आणि गेटवे यांच्यामध्ये कॅव्हिटी फिल्टर (शेजारचा पट्टा काटेकोरपणे अडवणारा फिल्टर) बसवावा; दोन्ही पट्ट्यांमधले अंतर इतके कमी आहे, की साधा फिल्टर पुरत नाही. खर्च करण्याआधी मात्र अँटेना पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन पाहावी. काँक्रीटचा आडोसा फुकट मिळतो.

व्यत्यय थांबून थांबून येत असेल, तर संदेश हवेत जितका कमी वेळ, तितकी तो सुखरूप पोहोचण्याची शक्यता अधिक. १० बाइट माहितीचा लोरावॅन (लोरावर चालणारी नेटवर्क पद्धत) संदेश एसएफ ७ वर सुमारे ६२ मिलिसेकंद हवेत असतो आणि एसएफ १२ वर जवळपास दीड सेकंद, म्हणजे चोवीसपट. एवढ्या वेळात दुसऱ्या कोणाची तरी धडक बसण्याची शक्यताही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून एक चांगला उंच गेटवे किंवा दुसरा गेटवे बसवून नोडना खालच्या एसएफवर आणावे, असे माझे ठाम मत आहे. दर संदेशाला पोच मागणेही टाळावे. पोच पाठवताना गेटवेला काहीच ऐकू येत नाही.

८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्‌झ हे तीन चॅनल प्रत्येक भारतीय लोरावॅन नोडमध्ये आधीपासून असतात, त्यामुळे गर्दीही तिथेच होते. नोड नेटवर्कला पहिल्यांदा जोडताना ते लागतातच. परंतु रोजच्या संदेशांसाठी वॉटरफॉलवर मोकळ्या दिसलेल्या जागी नेटवर्क सर्व्हरमधून (गेटवे आणि नोड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) जास्तीचे चॅनल द्यावेत.

युरोपात हाच प्रश्न लोरा आणि सिगफॉक्स (तशाच छोट्या संदेशांची दुसरी रेडिओ पद्धत) यांच्यात येतो, कारण लोराचा ८६८.१ चा चॅनल सिगफॉक्सच्या पट्ट्यावरच पडतो. सिगफॉक्सचा संदेश जेमतेम १०० हर्ट्‌झ रुंद असल्याने लोराच्या शक्तीचा सुमारे १२५० वा भागच त्याच्या वाट्याला येतो, आणि तो संदेश तीन वेगवेगळ्या वारंवारतांवर पाठवला जातो. त्यामुळे दोघांचे बऱ्यापैकी जमते.

एका वेळी एकच बदल करावा, आणि त्यानंतरची गळती आधीच्या नोंदीतल्या त्याच वारांशी आणि त्याच तासांशी ताडून पाहावी, कारण टोलनाक्याची रविवार संध्याकाळची गर्दी आणि मंगळवार दुपार यांची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही.