हार्ड डिस्क बदलल्यावर जुना लॅपटॉप सुरू होत नसेल तर

नवी डिस्क बसवून झाली, खालचे झाकण लावले, स्क्रू आवळले आणि बटण दाबल्यावर काळ्या स्क्रीनवर ‘ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड’ एवढीच पांढरी ओळ आली, की पुष्कळांचा धीर सुटतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून माझ्याकडे येणारे बहुतेक लॅपटॉप दहा-बारा वर्षांचे असतात. शहरात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या थोरल्या मुलाने वापरून झालेले यंत्र धाकट्याकडे, नाहीतर गावच्या शाळेत जाते. त्याची डिस्क मंदावते, कोणीतरी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, घालायला सांगतो, आणि तो सल्ला योग्यही असतो. पण डिस्क बदलल्यावर यंत्र उठले नाही तर मदरबोर्ड गेला असे सांगून ते भंगारात काढायला लावणारेही भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझा अनुभव असा की दोष क्वचितच यंत्रात असतो. डिस्क नीट जोडली गेलेली नसते, किंवा तिच्यावर सुरू होण्यासारखे काही नसते, किंवा डिस्क आणि यंत्राची सेटिंग यांचा मेळ बसलेला नसतो. या तिन्हींतले नेमके काय झाले आहे ते एका प्रश्नावरून कळू लागते: बायोसला, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला, डिस्क दिसते का?

त्या प्रश्नाआधी एक छोटी खात्री करून घ्यावी. बटण दाबल्यावर कंपनीचे चिन्हसुद्धा उमटत नसेल, म्हणजे डिस्प्लेच येत नसेल, तर डिस्क पूर्ण काढून ठेवावी आणि तिच्याविना लॅपटॉप चालू करून पाहावा. डिस्क नसतानाही लॅपटॉपवर चिन्ह उमटले पाहिजे आणि बूट करण्यासारखे, म्हणजे ज्यावरून यंत्र सुरू होईल असे, काही सापडले नाही असा संदेश आला पाहिजे. तसे झाले तर यंत्र ठीक आहे. नाही झाले तर चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून, बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरून उरलेली वीज जाऊ द्यावी, मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबरने हलकेच पुसून पुन्हा कट्ट आवाज येईपर्यंत बसवावी. झाकण उघडताना हात लागून रॅम सैल होणे किंवा कीबोर्डची पट्टी निसटणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तिचा डिस्कशी काही संबंध नसतो.

चिन्ह दिसत असेल तर ते दिसताक्षणी बायोसची कळ दाबत राहावी. डेल, एसर आणि असूसच्या बहुतेक यंत्रांवर ती एफ२ असते, एचपीवर एफ१०, आणि लेनोव्होवर एफ२ किंवा बाजूला टाचणीने दाबायचे एक बारीक बटण. आत गेल्यावर मुख्य किंवा माहितीच्या पानावर डिस्कचे नाव आणि क्षमता शोधावी. डिस्क कोरी असली, तिच्यावर एक अक्षरही नसले, तरी ती जोडलेली आणि जिवंत असेल तर बायोसला तिचे नाव दिसते. एचपीच्या यंत्रांवर ‘३एफ०’ हा क्रमांक घेऊन येणारा संदेश पुष्कळांना घाबरवतो, पण त्याचा अर्थ बूट करण्यासारखी डिस्क सापडली नाही एवढाच आहे. ती का सापडली नाही हे बायोसच्या पानावर पाहूनच ठरवावे.

नाव दिसत नसेल तर पुढचा अर्धा तास सॉफ्टवेअरचा विचार करू नये. मागच्या पावसाळ्यात निपाणीकडच्या एका मराठी शाळेतील शिक्षिका आपला लॅपटॉप घेऊन आल्या. डिस्क त्यांच्या भाच्याने बदलली होती, आणि बूटेबल पेनड्राइव्ह लावून विंडोज टाकायचा प्रयत्न त्याने तीनदा केला होता. ‘सर, मशीनच गेलं काय हो?’ त्यांनी टेबलावर पिशवी ठेवायच्या आधी विचारले. ‘बाई, आधी उघडून तर बघू,’ म्हणालो. झाकण काढून टॉर्च तिरपा धरला, तेव्हा मदरबोर्डवरच्या बारीक सॉकेटाची तपकिरी पाती एका बाजूने केसभर उचललेली दिसली. त्या यंत्रात डिस्क थेट मदरबोर्डला न लागता एका चपट्या पट्टीने लागत होती, आणि पट्टी त्या पातीखाली तिरकी शिरली होती. पाती नखाने उभी केली, पट्टी सरळ आत सारली, पाती पाडली. पुढच्या वेळी बायोसमध्ये डिस्कचे नाव आले. पातीचे प्लॅस्टिक जुने झाल्यावर ठिसूळ होते, म्हणून तिला स्क्रू ड्रायव्हर लावू नये. ती तुटली तर पट्टी धरून ठेवायला काही उरत नाही.

जिथे पट्टी नसते तिथे जाडीकडे लक्ष द्यावे. लॅपटॉपच्या जुन्या अडीच इंची डिस्क साधारणपणे ९.५ मिलिमीटर जाड असत, आणि आजची एसएसडी ७ मिलिमीटरची असते. राहिलेल्या अडीच मिलिमीटरमुळे नवी डिस्क खाचेत हलते, आणि लॅपटॉप उचलला की साटाचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला लागते तो, जोड सुटतो. जुन्या डिस्कची लोखंडी चौकट आणि तिचे चार बारीक स्क्रू म्हणूनच टाकून देऊ नयेत. एसएसडीबरोबर कधी कधी प्लॅस्टिकची चौकट येते ती लावावी, नाहीतर तेवढ्या जाडीचा कोरडा पुठ्ठा बेताने कापून वरच्या बाजूला ठेवावा. जोडाकडे बघताना दोन भाग दिसतील: माहितीचे ७ संपर्क आणि विजेचे १५. दोन्ही एकाच सरळ रेषेत शेवटपर्यंत गेले पाहिजेत. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात घरातल्या कपड्यांनासुद्धा ओल येते, तिथून आलेल्या यंत्रांच्या जोडावर मला हिरवट थर सापडतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ ब्रशने पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच डिस्क लावावी.

हे करूनही नाव आले नाही, तर डिस्क युएसबीच्या साटा अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला लावून पाहावी. तिथे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसली तर दोष लॅपटॉपच्या जोडात आहे. तिथेही दिसली नाही तर डिस्कच सदोष आहे, आणि ती दुकानदाराला परत द्यावी. जुनी डिस्क पुन्हा लावून लॅपटॉप चालतो का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. तीही दिसत नसेल तर जोडाचा दोष पक्का होतो.

आता दुसरी बाजू. डिस्क दिसते, तरी यंत्र सुरू होत नाही. विकत आणलेली डिस्क कोरी असते, ही साधी गोष्ट घाईत विसरली जाते. जुन्या डिस्कवरचे सगळे फोल्डर कॉपी करून नव्या डिस्कवर चिकटवले तरी ती बूट होत नाही, कारण सुरू होण्यासाठी लागणारा भाग त्या फोल्डरांमध्ये नसतोच. विंडोज ७ मध्ये तो ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ नावाच्या सुमारे १०० मेगाबाइटच्या छोट्या विभागात असे, आणि नव्या पद्धतीच्या यंत्रांत तो ईएफआय विभागात असतो. या विभागांना ड्राइव्हचे अक्षर नसल्यामुळे माय कॉम्प्युटरमध्ये ते दिसत नाहीत, आणि क्लोन करणारा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नवीवर उतरवणारा, माणूस फक्त सी ड्राइव्ह निवडून मोकळा होतो. क्लोन करताना संपूर्ण डिस्क निवडावी. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क युएसबीला लावून ठेवू नये, कारण दोन्ही डिस्कची ओळखखूण एकच असते आणि विंडोज त्यांपैकी एकीला बाजूला ठेवते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष मात्र मेळाचा असतो. लॅपटॉप सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी लेगसी आणि नवी युईएफआय, आणि डिस्क आखण्याच्याही दोन आहेत, एमबीआर आणि जीपीटी. एमबीआरवरचे विंडोज लेगसी पद्धतीने सुरू होते, जीपीटीवरचे युईएफआयने. डिस्क एकीकडची आणि सेटिंग दुसरीकडची झाली, की सगळे जागेवर असूनही ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येते. विंडोज ८ ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आले, आणि ते घेऊन विकलेले लॅपटॉप बहुतेक युईएफआयचे असतात; विंडोज ७ चे स्टिकर असलेले बहुतेक लेगसीने चालत असत. म्हणून स्टिकर पाहूनच पहिला अंदाज करावा, मग बायोसच्या बूट पानावर जाऊन मोड बदलून पाहावा आणि नवी डिस्क बूटक्रमात वर आणावी. लेगसी चालू करायची असेल तर सिक्युअर बूट (ओळखीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) आधी बंद करावे लागते. पेनड्राइव्ह तयार करतानाही हाच मेळ राखावा: रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एमबीआर की जीपीटी हे विचारले जाते, तिथे यंत्राच्या मोडप्रमाणे उत्तर द्यावे.

याच पानांवर साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, असतो: आयडीई किंवा एएचसीआय. जुने विंडोज ज्या मोडमध्ये टाकलेले होते तोच क्लोननंतरही लागतो; तो बदलला तर चिन्ह येते, विंडोज सुरू व्हायला लागते, आणि मध्येच निळ्या स्क्रीनवर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी ओळ येते. ‘पण मी काही बदललेच नाही,’ असे लोक म्हणतात, आणि ते खरे असते. सेटिंग बदलली ती मदरबोर्डवरच्या बटणासारख्या ३ व्होल्टच्या सेलमुळे. इतक्या वर्षांत तो सेल संपलेला असतो, मोठी बॅटरी आणि चार्जर काढून ठेवले की बायोस आपली सेटिंग विसरून कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जाते. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसले तर हेच घडले असे समजावे. सेल साधारण सीआर२०३२ याच मापाचा असतो, काही यंत्रांत वायर लावलेला, आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वायरवाल्या सेलची पिन मात्र जुनीशी जुळवून घ्यावी. सेल बदलावा, तारीख लावावी, मोड पुन्हा निवडावा. निळी ओळ आली म्हणून लगेच फॉरमॅट मारू नये, आधी दुसरा मोड लावून पाहावा, कारण तेवढ्यानेच काम झालेले मी पुष्कळदा पाहिले आहे.

मेळ बरोबर असूनही सुरू होत नसेल, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मध्ये जावे आणि स्टार्टअप रिपेअर चालवावे. त्याने भागले नाही तर कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीबूट ही सुरू होण्याच्या फाइली पुन्हा तयार करणारी आज्ञा द्यावी, पुढे एक जागा सोडून विंडोजच्या फोल्डरचा मार्ग. सगळे अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे आहे. तिथे सी ड्राइव्हला कधी कधी डी म्हटलेले असते, म्हणून फोल्डर नेमका कुठे आहे ते आधी पाहून घ्यावे. लेगसीच्या डिस्कवर सुरू होणारा विभाग डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क आखण्याच्या आज्ञेने ‘अ‍ॅक्टिव्ह’ केलेला असावा लागतो.

क्लोन करताना किंवा विंडोज टाकताना वीज गेली तर काम अर्धवट राहते, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी सहसा पाच मिनिटेही टिकत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा चार्जर इन्व्हर्टरच्या सॉकेटालाच लावावा.

नव्याने टाकायचे असेल तर काय टाकावे, असे विचारले जाते. विंडोज १० ला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, जे या वयाच्या यंत्रांत बहुधा नसते. नियम चुकवून ते टाकता येते, पण मी शाळेच्या किंवा घरच्या मुलांच्या यंत्रात तसे करत नाही. लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकतो. त्यात इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी एकसारखी कळरचना असलेला, कीबोर्ड मिळतो, आणि आपल्या भागात त्याचा एक खास उपयोग आहे: एकाच कळेने मराठीत क आणि कन्नडमध्ये ಕ उमटतो, त्यामुळे दोन्ही भाषांत लिहिणाऱ्याला बोटांची सवय बदलावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे दुरुस्ती करणारे लक्ष देत नाहीत. बेळगावच्या छपाईखान्यांत आणि मराठी शाळांत जुन्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, सोसायटीची इतिवृत्ते श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये आहेत. कन्नड कागद तसेच नुडी या फॉन्टमध्ये. नव्या डिस्कवर फाइल सुखरूप येते, पण फॉन्ट आला नाही तर उघडल्यावर अर्थहीन खुणांच्या रांगा दिसतात, आणि लोकांना फाइल खराब झाली असे वाटते. म्हणून जुनी डिस्क काढण्याआधी, किंवा नंतर युएसबीने लावून, विंडोज फोल्डरातला फॉन्ट्स हा फोल्डर आधी वेगळा जपून ठेवावा. निपाणीच्या बाईंची दहावीची जुनी प्रश्नपत्रिका पहिल्यांदा अशीच खुणांची उघडली. फॉन्ट कॉपी करून पुन्हा उघडली, तेव्हा पहिल्या ओळीत शाळेचे नाव आणि दुसऱ्या ओळीत ‘वेळ : ३ तास’ नीट वाचता आले. जुनी डिस्क मी त्यांना फॉरमॅट न करता परत दिली, वर कागदाची पट्टी चिकटवून, काढल्याची तारीख लिहून.