आपल्या गावात पहिली शाळा केव्हा भरली, हे कसं शोधायचं

आमच्या शाळेच्या कमानीवर ऑइलपेंटनं 'स्थापना 1962' लिहिलेलं आहे. मी त्याच शाळेत शिकले, पुढे तिथंच अकरा वर्षं शिकवलं आणि रिटायर होईपर्यंत ते साल खरं मानलं. ते खरं नव्हतं. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि आधीपासून भरणाऱ्या शाळा त्यांच्याकडे आल्या. कमान रंगवताना कुणीतरी तेच साल धरलं. विदर्भातल्या तुमच्या गावीही कमानीवर 1962 असेल, तर शोध तिथून पुढे सुरू करा.

पहिलं काम दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत कोण केव्हा आलं आणि केव्हा गेलं याची नोंदवही, बघायचं. मुख्याध्यापकांना साधा लेखी अर्ज द्या आणि शाळेतच बसून बघतो, असं त्यात स्पष्ट लिहा. जात पडताळणीसाठी लोक याच रजिस्टरच्या नकला मागायला येतात, त्यामुळे ते कपाटाबाहेर काढताना मुख्याध्यापक बिचकतात, आणि ते बरोबरच आहे. दोन पानं फाटली तर एखाद्या घराचा पुरावा गेला. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. फाटक्या पानाला सेलोटेप चिकटवू नका. रजिस्टर व्हरांड्यात उजेडात ठेवून मोबाईलवर सरळ वरून फोटो घ्या. ते फोटो गावच्या ग्रुपवर मात्र टाकायचे नाहीत. त्यांत लोकांच्या जाती आहेत, जन्मतारखा आहेत.

आता पहिलं पान. सगळे तारीख बघतात, तुम्ही इयत्तेचा रकाना बघा. पहिल्याच दिवशी दाखल झालेली पोरं तिसरीत-चौथीत बसली असतील, तर ती कुठेतरी आधी शिकलेली होती. म्हणजे शाळा जुनी आहे, रजिस्टर नवं आहे. आमच्याकडे नेमकं हेच झालं. आधीच्या वह्या उधईनं खाल्ल्या होत्या. 'मागील शाळा' या रकान्यात शेजारच्या गावाचं नाव असेल तर त्या गावचंही रजिस्टर बघून या. पोरं तिकडे पायी जात होती, आपल्याकडे शाळा नव्हती, एवढं तरी कळेल.

शिक्के नीट बघा. 'जनपद सभा' (तेव्हा शाळा चालवणारी स्थानिक संस्था) असा गोल शिक्का असेल तर तो 1948 च्या कायद्यानंतरचा, जिल्हा परिषदेच्या आधीचा काळ. त्याच्याही आधी 'डिस्ट्रिक्ट कौन्सिल'. अमरावतीच्या कौन्सिलचे अध्यक्ष पंजाबराव देशमुख होते, ते याच काळात. म्हातारी माणसं 'विद्यामंदिर' म्हणाली तर कान टवकारा. 1937 नंतर रविशंकर शुक्लांनी मध्यप्रांत-वऱ्हाडात त्या नावाची योजना आणली होती. गावानं जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून गुरुजींचा पगार निघायचा, अशी ती कल्पना. तेव्हा शाळेच्या नावावर एखादं वावर होतं का, हे तलाठ्याकडे विचारा. आणि आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्यांनी एक लक्षात ठेवायचं: 1905 पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नाव वणी होतं. नागपूरच्या पुराभिलेखागारात किंवा जुन्या गॅझेटियरमध्ये यवतमाळ शोधत बसलात तर त्याआधीचं काही हाती लागणार नाही.

जन्मतारखांवर विसंबू नका. पानभर 1 जुलै दिसेल. पोराला शाळेत टाकायला आणलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. बोटं कानाला टेकली की सहा वर्षं पूर्ण, मांडली तारीख. माझ्या वडिलांची तारीख अशीच आहे.

यानंतर माणसांकडे जायचं, आणि हा भाग घाईनं उरकू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाच्या दारात जाऊ नका. उन्हाळ्यात दुपार कलली की जा. 'शाळा केव्हा सुरू झाली?' असं विचारलं की माणूस 'लई जुनी हाय' म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा 'तुम्ही बसत कुठे होता?' विचारा. मग मारुतीचा पार निघतो, पाटलाच्या वाड्यातली ओसरी निघते, टकळीवर सूत काढणं निघतं, गुरुजींना कुणाच्या घरून भाकर जायची ते निघतं. साल पक्कं करायला मोठ्या घटनांचा आधार घ्या: आष्टी-चिमूर (1942 चा उठाव) झालं तेव्हा तुम्ही कितवीत होता? गांधीजी गेले तेव्हा शाळा सुटली होती का? नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा?

कोण आत बसत होतं आणि कोण बाहेर, हेही विचारायचंच. अवघड वाटतं, पण हे टाळलं तर तुमचा इतिहास अर्धा राहील. दलित वस्तीतल्या आजोबांना त्यांच्या अंगणात बसून विचारा, ग्रामपंचायतीत बोलावून नाही. आमच्या गावच्या एका आजोबांनी मला व्हरांड्यातली जागा प्रत्यक्ष नेऊन दाखवली. तिथून फळ्याचा डावा कोपरा दिसत नाही. मी त्या व्हरांड्यातून अकरा वर्षं ये-जा केली होती. 1956 नंतरच्या पानांवर जातीच्या रकान्यात कुठे कुठे 'बौद्ध' दिसायला लागतं, तेही टिपून ठेवा.

रजिस्टरात ज्यांचं नावच नाही, त्यांची वेगळी वही करा. पहिल्या मुलीचं नाव किती पानांनंतर येतं ते मोजा आणि त्या काळातल्या बायांकडे जा. एका आजीकडे मी सहज बसले होते. म्हणाल्या, "मले कोनं साळंत टाकलंच नाही, बाई. भाऊ जाये. मी ढोरं घेऊन खिडकीपाशी उभी राहो." आणि मग तूर निवडता निवडता औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायला लागल्या: औट, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस. सूप थांबलं नाही की सूर चुकला नाही. मी बी.एड. झालेली बाई, मला औटकी येत नाही. त्यांचं नाव आमच्या शाळेच्या कुठल्याच कागदावर नाही. म्हणून आमच्या पुस्तिकेत पहिलं पान त्यांचं आहे.

'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना शेवटी वाचा, पण वाचाच. 'सतत गैरहजर' असं ओळीनं दिसलं की त्या तारखांचा महिना बघा. आमच्याकडे त्या बहुतेक वेचणीच्या दिवसांतल्या निघाल्या.

लिहिताना कागदावरचं आणि सांगीव वेगळं ठेवा. 'रजिस्टरप्रमाणे' आणि 'अमुक आजोबांच्या सांगण्याप्रमाणे' असं प्रत्येक ठिकाणी लिहा. नाव छापण्याआधी घरच्यांना विचारा. वीस-पंचवीस पानं पुरतात, तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि स्पायरल होऊन जातं. एक प्रत शाळेत ठेवा, एक ग्रामपंचायतीत, आणि शेवटची चार पानं कोरी सोडा.

26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ती मोठ्यानं वाचा. आमच्याकडे वाचन संपल्यावर मागून एक म्हातारे उठले आणि म्हणाले, गुरुजींच्या खोलीवर कवेलू होते असं लिहिलं ते चुकीचं आहे, गवत होतं, मी स्वतः शाकारलं होतं. मी तिथंच पेन काढला आणि कोऱ्या पानावर ते त्यांच्या नावासकट लिहून घेतलं.