उद्यमबागेत सुपरवायझरपासून प्लांट हेडपर्यंत कसे पोचावे

'नेतृत्वगुण अंगी बाणवा' असा सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी रात्रपाळीची हजेरी घेतलेली नसते. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ऑपरेटर म्हणून लागलो आणि आता एक मशीन शॉप, म्हणजे यंत्रांवर धातूचे भाग कापायचा विभाग, सांभाळतो. म्हणून अनुभवाचं तेवढंच सांगतो.

डिप्लोमा किंवा बी.ई. करा. एमबीए करायचंच असेल तर तीन-चार वर्षं शॉपवर काढल्यावर.

पहिली नोकरी चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्यात धरा. कोटेशनपासून डिस्पॅचपर्यंत सगळं एका छपराखाली दिसतं.

आता खरी अडचणीची पायरी. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांचा आज साहेब व्हायचं. इथं मी सपशेल आपटलो. शिफ्ट इन्चार्ज झालो त्याच महिन्यात माझ्या जवळच्या मित्रानं मशीनमध्ये ऑफसेट (हत्यार किती सरकवायचं तो आकडा) चुकीचा घातला आणि हाउसिंग नावाच्या भागाचं बोअर, म्हणजे आतलं भोक, ४० मायक्रॉननं मोठं झालं. लहान बोअर पुन्हा कापता येतं, मोठं झालेलं भरून कोण देणार? मी बोअर गेज हातात धरून उभा होतो आणि तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी काही बोललो नाही, माल पॅक होऊ दिला. पुण्याहून अख्खा लॉट परत आला आणि मालकानं दोघांनाही उभं केलं. त्याला वाचवायला गेलो आणि त्याचंच नाव जास्त खराब झालं.

पुढं मी दुसरं टोक गाठलं. केबिनमध्ये एकटा जेवायला लागलो. शॉपवर काय चाललंय ते मला सगळ्यात शेवटी कळायला लागलं. म्हणून सांगतो, डबा सोडू नका. 'साहेबानं अंतर ठेवावं' हा सल्ला भिकार आहे. अंतर कामात ठेवायचं, जेवणात नाही.

बढती मिळेल त्याच दिवशी जवळच्या मित्राला बाजूला घ्या. तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ चहा पाजा हवं तर. स्पष्ट सांगा: चूक झाली तर लपवणार नाही, पण चारचौघांत बोलणारही नाही. ओव्हरटाइमची पाळी लिहून बोर्डावर लावा, तोंडी वाटू नका. निम्मी भांडणं तिथंच मिटतात. पहिली चूक त्याच शिफ्टमध्ये, दार लावून बोला. उद्यावर ढकललेली गोष्ट आठवड्यानं भांडण होऊन येते.

कन्नड शिका. मराठी माणूस इथं हिंदीवर वेळ मारून नेतो, पण बैलहोंगलकडून आलेला हेल्पर घरची अडचण हिंदीत सांगत नाही. 'ऊटा आतेन्री?' (जेवण झालं का?) एवढ्यानं सुरुवात करा. व्याकरण चुकलं तर तो हसेल, हसू दे.

मग पैसा. चांगला सुपरवायझर इथंच अडकतो, कारण त्याला उत्पादन कळतं, वसुली कळत नाही. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात ९० दिवस लावणारे गिऱ्हाईक कमी नाहीत. जीएसटी मात्र बिल फाडलं की लागू होतो. दरमहा रिटर्न भरत असाल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, पैसे आले असोत वा नसोत. ऑर्डरींनी भरलेला कारखाना पगाराला का अडतो, ते अकाउंट्सच्या माणसाशेजारी बसून समजून घ्या. कोणत्याही कोर्सपेक्षा हे लवकर समजतं.

शेवटी एका गिऱ्हाइकाचा पूर्ण हिशोब स्वतःकडं मागा: दर, रिजेक्शन (नापास झालेला माल), वसुली, सगळं. मालक आधी टाळेल. तोंडी वाद घालू नका. मागच्या तीन महिन्यांचा रिजेक्शनचा कागद पुढं ठेवा, कुठं किती वाचवता येईल ते आकड्यात लिहून.