एपी इंग्लिशचा निबंध : गुण जातात कुठे? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल अकरावीत गेलं की गणित आणि फिजिक्सची काळजी आधीपासून सुरू असते. इंग्रजीची नसते. पोरगी इथेच वाढली, घरीसुद्धा इंग्रजीतच भांडते, मग इंग्रजीत काय अडणार? आणि सप्टेंबरअखेर पहिला निबंध सहापैकी तीन गुण घेऊन घरी येतो. व्याकरणाची एक चूक नाही, स्पेलिंग चोख, हस्ताक्षराचा तर प्रश्नच नाही. मग तीन गुण गेले कुठे?

एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय. त्यातला एपी इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन, म्हणजे मुलांच्या तोंडी 'एपी लँग', हा भाषा किती सुंदर येते हे तपासणारा विषय नाही. मुद्दा सिद्ध करता येतो का, हे तो तपासतो. आपल्याकडच्या भूमितीच्या वहीत पक्ष, साध्य, सिद्धता असे मथळे असायचे आणि सिद्धतेतल्या प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिहावं लागायचं. कारण राहिलं तर उत्तर बरोबर असूनही गुण कापले जायचे. एपी लँगचा निबंध तसाच वाचला जातो. गुण जातात ते बहुतेक वेळा त्या कंसातल्या कारणापाशी.

आधी तक्ता समजून घ्या

एपी परीक्षा घेणारी संस्था म्हणजे कॉलेज बोर्ड. तिची मे महिन्यातली परीक्षा सव्वातीन तासांची असते. पहिल्या तासात 45 बहुपर्यायी प्रश्न, त्यांना 45 टक्के वजन. उरलेल्या सव्वादोन तासांत तीन निबंध, त्यांना 55 टक्के. या सव्वादोन तासांतली 15 मिनिटं वाचनासाठी धरलेली असतात, म्हणजे एका निबंधाला साधारण 40 मिनिटं मिळतात. पहिला निबंध सिंथेसिसचा : दिलेले सोर्स वाचून स्वतःची बाजू मांडायची. दुसरा ऱ्हेटोरिकल ॲनॅलिसिसचा : एखादा उतारा किंवा भाषण घेऊन वक्त्याने आपलं म्हणणं श्रोत्यांच्या गळी कसं उतरवलं ते दाखवायचं. तिसरा आर्ग्युमेंटचा : सोर्स नाहीत, पुरावे स्वतःच्या डोक्यातून आणायचे.

प्रत्येक निबंध सहा गुणांचा. थीसिसला (निबंधभर सिद्ध करायच्या मुख्य दाव्याला) 1, पुरावा आणि कॉमेंटरीला (तो पुरावा दाव्याला कसा जोडतो याच्या स्पष्टीकरणाला) 4, सोफिस्टिकेशनला (विचारातल्या खोलीला) 1. पूर्वी नऊ गुणांच्या पट्टीवर सगळा निबंध एकत्रित जोखत. 2019-20 या शैक्षणिक वर्षापासून ही सहा गुणांची विभागणी आली, त्यामुळे जुन्या मार्गदर्शक पुस्तकातला 'सात गुणांचा नमुना' आजच्या मुलाला दाखवू नका. हा तक्ता छापून टेबलासमोर लावावा, कारण इथून पुढची प्रत्येक चूक त्यातल्या कुठल्या ना कुठल्या ओळीतली आहे.

चूक : दोन्ही बाजू मांडून मोकळं होणं

शाळेत मोबाइलवर बंदी असावी का, असा विषय आला असं धरा. 'बंदीचे फायदे आहेत तसेच तोटेही आहेत' हे वाक्य घरात समंजस वाटेल, पण थीसिसचा गुण त्याला मिळत नाही, कारण त्यात बाजूच नाही. प्रश्नातलंच वाक्य फिरवून लिहिलं तरीही नाही. आता हे पाहा : 'बंदी तासापुरती असावी आणि मधल्या सुट्टीत फोन हातात राहू द्यावा, कारण लक्ष उडण्याचा प्रश्न वर्गातला आहे आणि घराशी संपर्काची गरज वर्गाबाहेरची.' यावर कुणी वाद घालू शकतो, आणि तो वाद कुठल्या मुद्द्यांवर होईल हेही दिसतं. थीसिस निबंधात कुठेही असली तरी चालते. तरीही ती पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी असावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुलाला पुढे लिहिताना ती डोळ्यांसमोर राहते आणि वाचणाऱ्याला शोधावी लागत नाही.

सगळ्यात महाग चूक : अलंकार ओळखून थांबणं

ऱ्हेटोरिकल ॲनॅलिसिसमध्ये मुलं अलंकारांची शिकार करत सुटतात. इथे पुनरुक्ती, तिथे उपमा, हा इथॉस (वक्त्याच्या विश्वासार्हतेचा आधार), तो पेथॉस (भावनेला हात घालणं). आपण मराठीत अलंकार ओळखा, लक्षण सांगा, उदाहरण द्या असं शिकलो, म्हणून पालकांनाही हे बरोबरच वाटतं. पण या निबंधात नाव ओळखण्याचा स्वतंत्र गुण नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. 22 जुलै 1905 रोजी फिलाडेल्फियात स्त्रियांच्या मताधिकार परिषदेत फ्लॉरेन्स केली यांनी बालमजुरीवर भाषण केलं. 2011च्या एपी परीक्षेत ते विश्लेषणासाठी आलं होतं. त्यात आपण झोपलेलो असताना लहान मुली कापडगिरण्यांत रात्रभर राबत असतात, हा धागा पुन्हा पुन्हा येतो.

एक मुलगा लिहितो : 'केली "आपण झोपलेलो असताना" हे शब्द पुन्हा पुन्हा वापरतात. ही पुनरुक्ती आहे. तिच्यामुळे श्रोत्यांच्या भावना जाग्या होतात आणि भाषण प्रभावी बनतं.' यातली शेवटची दोन वाक्यं कुठल्याही वक्त्याच्या कुठल्याही भाषणाखाली जशीच्या तशी बसतील. हीच तपासणीची सोपी कसोटी : वक्त्याचं नाव बदलून बघा. वाक्य तरीही खरंच राहिलं, तर ते कॉमेंटरी नाही, भरती आहे.

आता दुसऱ्या पद्धतीने : 'समोरच्या स्त्रिया मताधिकारासाठी जमल्या होत्या. गिरणीतल्या मुली हा त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी प्रश्न वाटला असता. केली "आपण" म्हणताना स्वतःलाही त्यात धरतात, त्यामुळे कुणावर बोट रोखलं जात नाही. पण मुलींची रात्रपाळी आणि आपली झोप एकाच वाक्यात आणून ठेवल्यावर ती झोप निर्धास्त राहत नाही. म्हणून पुढे मताच्या हक्काची गोष्ट निघते तेव्हा तो हक्क स्वतःसाठी मागितलेला वाटत नाही, त्या मुलींना सोडवण्याचं साधन वाटतो.' पुनरुक्ती हा शब्द इथे आलाही नाही. पण श्रोते कोण, त्यांच्या मनात काय असेल, वक्तीला त्यांना कुठे न्यायचं आहे आणि या शब्दांनी ते कसं साधतं, हे चारही आले.

चार गुणांच्या या ओळीत तिसरा आणि चौथा गुण इथेच ठरतो. वक्त्याने मुद्दाम केलेल्या शब्दांच्या किंवा मांडणीच्या एका तरी निवडीचा असा उलगडा केला तर तीनपर्यंत जाता येतं. चारसाठी एकाहून अधिक निवडींचा उलगडा लागतो आणि तोही सातत्याने. आठ अलंकारांची नावं घेण्यापेक्षा दोन निवडी तळापर्यंत नेणं केव्हाही फायद्याचं.

घरी सराव करताना दोन रंगांची हायलायटर पेनं घ्या. पुरावा पिवळ्याने, त्याचं स्पष्टीकरण हिरव्याने रंगवा. उताऱ्यातून घेतलेला तुकडा तीन ते सात शब्दांचा पुरतो, आणि त्यामागे किमान दोन हिरवी वाक्यं हवीत. पान पिवळंधमक दिसलं तर मुलाने उतारा पुन्हा सांगितलाय.

चूक : सिंथेसिसमध्ये दोनच सोर्स वापरणं

वेळ कमी पडला की हे होतं, आणि याचा दंड फार मोठा आहे. किमान तीन सोर्स वापरायचे असतात. दोनच वापरले तर पुरावा-कॉमेंटरीच्या चारपैकी एकच गुण मिळू शकतो, मग विवेचन कितीही सरस असो. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी रफ कागदावर तीन अक्षरं लिहून गोल करावीत : सोर्स बी, सी, ई, असे. चौथा हाताशी असला तर उत्तम, म्हणजे एखादा चुकीचा समजला गेला तरी तीन उरतात. सोर्समध्ये तक्ता, आलेख किंवा चित्रही असतं. मुलं ते टाळतात. खरं तर एखादा आकडा उचलून 'या आकड्यातून माझ्या मुद्द्याला काय मिळतं' हे सांगणं लांब लेखातून वाक्य शोधण्यापेक्षा सोपं.

दुसरा दोष म्हणजे सोर्सनिहाय परिच्छेद. पहिल्या परिच्छेदात सोर्स ए काय म्हणतो, दुसऱ्यात बी, तिसऱ्यात सी. हा गोषवारा झाला. परिच्छेद मुद्द्याचा हवा आणि त्यात दोन सोर्स एकमेकांशी बोलायला हवेत : बी जे म्हणतो त्याला ईमधल्या आकड्याने मर्यादा पडते, वगैरे.

आर्ग्युमेंटमधला पुरावा

अनेक घरांत सल्ला मिळतो की उदाहरणं अमेरिकन इतिहासातलीच द्या, वाचणाऱ्याला बाकीचं कळणार नाही. असा नियम नाही. 1848 साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे उदाहरण चोख चालतं, फक्त त्या काळी मुलीने शिकणं म्हणजे काय होतं हे एका वाक्यात सांगा. मूल जे उदाहरण आतून जाणतं त्याचंच स्पष्टीकरण त्याला जमतं. अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या रोझा पार्क्सच्या पाठ केलेल्या उदाहरणापेक्षा स्वतः पाहिलेलं आजीच्या गावच्या पाण्याच्या टँकरचं उदाहरणही जास्त गुण मिळवून देईल, जर त्यातून मुद्दा निघत असेल. चालत नाही ते 'समजा एखादा माणूस असेल आणि त्याने...' अशा काल्पनिक माणसावर सगळा निबंध उभा करणं.

साखळी तपासा

प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य घेऊन ओळीने वाचा. आता दुसरा आणि तिसरा परिच्छेद अदलाबदल करा. काहीच बिघडलं नाही, तर निबंध म्हणजे सुटे मणी आहेत. शिक्षक ज्याला लाइन ऑफ रीझनिंग म्हणतात तो दोरा त्यात नाही, आणि तो नसला की पुरावा-कॉमेंटरीच्या चारपैकी दोन गुणांवर गाडी अडकते. 'शिवाय', 'दुसरी गोष्ट म्हणजे' या जोडशब्दांनी दोरा होत नाही. पहिल्या परिच्छेदाने उभा केलेला प्रश्न दुसऱ्याने उचलला पाहिजे.

चूक : सहाव्या गुणासाठी भाषा नटवणं

सोफिस्टिकेशनचा गुण दुर्मीळ आहे आणि त्यामागे धावताना मुलं आधीचे गुण घालवतात. 'मानवाच्या उत्पत्तीपासून' किंवा 'आजच्या धकाधकीच्या जगात' अशी सुरुवात आपल्या निबंधांत मानाची असायची. कॉलेज बोर्डाच्या गुणतक्त्यात अशी ढोबळ विधानं या गुणाला पात्र नाहीत असं लिहिलेलंच आहे. 'काही लोक असं म्हणतील की...' एवढं म्हणून पुढे निघून जाणंही पुरत नाही. थिसॉरसमधून उचललेले जड शब्द तर नाहीच. हा गुण मिळतो तो विषयातला खरा पेच निबंधभर हाताळल्याने. वरच्या मोबाइलच्या थीसिसमध्ये 'लक्ष' आणि 'संपर्क' यांची ओढाताण आहे. तीच शेवटपर्यंत धरून ठेवली तर आशा ठेवता येते. न मिळाल्यास पाच गुणही उत्तम आहेत.

व्याकरणाविषयी पालकांना जितकी धास्ती असते तितकी परीक्षेत गरज नाही. अर्थ समजायला अडथळा येईल इतक्या चुका असल्या तर पुरावा-कॉमेंटरीच्या ओळीतला चौथा गुण मिळत नाही, एवढंच. मात्र वर्गातल्या शिक्षकांच्या तक्त्यात त्यासाठी वेगळी ओळ असू शकते. भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांनी 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्स तेवढी शेवटच्या चार मिनिटांत नजरेखालून घालावीत.

वर्गातले गुण वेगळे, परीक्षेचे वेगळे

मेमधला स्कोअर 1 ते 5 असतो आणि कॉलेज क्रेडिटसाठी (कॉलेजात तो विषय झाला असं धरलं जाण्यासाठी) लागतो. किती स्कोअरला क्रेडिट, हे प्रत्येक कॉलेज ठरवतं. ट्रान्सक्रिप्टवरचा, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावरचा, ए किंवा बी शिक्षकांचा. या दोन्हींची गल्लत करू नका. सहापैकी चार म्हणजे टक्केवारीत जेमतेम 67, हे पोर्टलवर पाहून घाबरण्याआधी सिलॅबस काढा. बरेच शिक्षक सहाच्या पट्टीचं टक्केवारीत रूपांतर वेगळ्या कोष्टकाने करतात.

खरा घात शून्य करतं. चार कामांना 90 आणि पाचवं दिलंच नाही, तर सरासरी 72. तेच पाचवं अर्धवट लिहून 60 मिळाले असते तर 84. म्हणून उशिराचा नियम काय, उशिराचं काम कुठवर स्वीकारतात, निबंध सुधारून पुन्हा देता येतो का, हे पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवावं.

घरी लिहायच्या निबंधाला एमएलए नावाची मांडणीची ठरलेली पद्धत लागते : चहूकडे एक इंच समास, 12 पॉइंट अक्षर, दुप्पट अंतर, उजव्या कोपऱ्यात आडनाव आणि पानाचा क्रमांक, शेवटी वर्क्स सायटेड, म्हणजे वापरलेल्या संदर्भांची यादी. हे गुण फुकटचे आहेत, ते सोडू नयेत. आणि आईबाबांनी मुलाच्या फाइलमध्ये शिरून वाक्यं बदलू नयेत. गुगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीत (बदलांच्या नोंदीत) एकदम पडलेला परिच्छेद दिसतो आणि प्रामाणिक मुलाला उगाच खुलासा द्यावा लागतो. बदलायचं असेल तर समोर बसून तोंडी विचारा : 'हे कशावरून म्हणतोस?' तो जे उत्तर देईल तेच त्याला लिहायला सांगा.

गुण कमी आले तर शिक्षकांना मेल मुलानेच करावी, पालकांनी नाही. 'गुण वाढवून द्या' असं त्यात नको. निबंधातलं एक वाक्य उचलून विचारावं : 'इथे मला कॉमेंटरी केलीय असं वाटलं होतं. ती पुरावा आणि थीसिस यांना कुठे जोडत नाही, ते दाखवाल का? मी गुरुवारी शाळा सुटल्यावर येऊ शकतो.' एका वेळी एकच ओळ विचारावी आणि जाताना छापील निबंध हायलायटरच्या रंगांसकट न्यावा.