रिकामी पडलेली सरकारी घरकुलं पुन्हा वापरात आणताय? या चुका टाळा

बांधून तयार असलेल्या सरकारी बिल्डिंगा वर्षानुवर्षं कुलपात पडलेल्या बघितल्या की जीव तुटतो, कारण त्याच शहरात कामाला आलेली माणसं पत्र्याच्या खोलीला महिन्याचं भाडं भरत असतात. २००५ ला जेएनएनयूआरएम म्हणजे शहरांच्या सुधारणेचं केंद्राचं अभियान आलं, नंतर राजीव आवास योजना आली, आणि या दोन्हींतली मिळून एक लाखाच्या वर घरं देशभर रिकामी पडलीत असं तेव्हा केंद्रानेच सांगितलं, म्हणून तर जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना म्हणजे एआरएचसी मंजूर झाली. आता पीएमएवाय शहरी २.० म्हणजे प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा वेगळा घटक ठेवलाय. रस्ता आहे, पण त्यावर लोक ठरलेल्या जागीच अडकतात. मी अशा बिल्डिंगांच्या सर्वेत फिरलोय, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलं ते लिहितो.

सगळ्यात आधी पैशाचा गैरसमज. "केंद्राची ग्रँट येईल मग दुरुस्ती काढू" म्हणून फाईल ठेवून देतात. एआरएचसीत जी टेक्नॉलॉजी इनोव्हेशन ग्रँट, म्हणजे नव्या तंत्रासाठीचं अनुदान, होती ती मॉडेल २ साठी, म्हणजे नवीन टेक्नॉलॉजीने नव्याने बांधणाऱ्यांसाठी. रिकामी घरं येतात मॉडेल १ मध्ये, तिथे दुरुस्ती, पाणी, ड्रेनेज, रस्ता हे सगळं टेंडरने निवडलेली एजन्सी करते, २५ वर्षं भाडं घेऊन खर्च वसूल करते आणि मग घरं परत पालिकेकडे येतात. नाहीतर सरकारी यंत्रणा स्वतः चालवते. सुरतमध्ये ३९३ आणि चंदीगडमध्ये २१९५ घरं अशीच मॉडेल १ खाली भाड्याने द्यायला घेतली. म्हणजे पैसा कुठून येणार ते आधी ठरवा, एजन्सी की पालिकेचं स्वतःचं बजेट, आणि तसा ठराव करून मगच एस्टिमेटला हात घाला.

दुसरी चूक कागदावरच्या यादीवर विश्वास ठेवायची. यादीत "रिक्त" लिहिलेलं असतं आणि दार वाजवलं की आतून कुकरची शिट्टी ऐकू येते! कोणी घुसून राहतंय, कुठे लाभार्थ्याने हिस्सा भरलाय पण ताबा मिळालेला नाही, कुठे ताबा घेऊन कुलूप लावून माणूस जुन्या वस्तीतच राहतोय. ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. ज्याने पैसे भरलेत त्याला नोटीस न देता, त्याचं म्हणणं न ऐकता घर दुसऱ्याला दिलंत तर काम कोर्टात जाऊन थांबेल आणि खरं सांगायचं तर ते थांबायलाच पाहिजे, तो गरीब माणूस आहे. म्हणून दार न् दार फिरा, तारखेसकट फोटो काढा, आणि वादातली घरं बाजूला ठेवून बाकीची पुढे न्या.

आता सगळ्यात मोठी चूक. घर रिकामं का पडलं हे कोणी विचारतच नाही, सरळ रंगाचं टेंडर निघतं. अहो, लोक रंग उडाला म्हणून गेले नाहीत! कामाची जागा दहा-बारा किलोमीटर लांब, बस नाही, पाणी दोन दिवसाआड आणि तेही तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, ड्रेनेज मेन लाईनला जोडलेलंच नाही, रात्री रस्त्यावर दिवा नाही म्हणून बाया-मुली यायला घाबरतात. नाकारून गेलेल्या आठ-दहा कुटुंबांना शोधून विचारा, अर्ध्या तासात खरं कारण कळेल. मग एस्टिमेटमध्ये पहिला खर्च त्या कारणावर.

दुरुस्तीतही क्रम चुकतो. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, मग वरून खाली यायचं, गच्ची, टाकी, पाईप, आणि प्लास्टर-रंग एकदम शेवटी. छताला ओल दिसली की सगळे गच्चीला दोष देतात, पण मधल्या मजल्यावर ओल असेल तर बहुतेक वेळा वरच्या घराची मोरी किंवा संडास गळतोय. साधी टेस्ट आहे, वरच्या घराच्या मोरीची जाळी बंद करून पाणी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खाली बघायचं, गच्चीवर पण असंच पाणी साठवून बघता येतं. वर्षानुवर्षं बंद घरात ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या पाईपच्या वाकातलं, पाणी सुकून जातं म्हणून घाण वास येतो, दरवेळी लाईन फुटलेली नसते, आधी दोन बादल्या पाणी ओतून बघा. वायरिंग मात्र मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासल्याशिवाय सप्लाय द्यायचाच नाही, तांब्यासाठी मधूनच वायर ओढून नेलेली असते आणि बाहेरून स्विचबोर्ड एकदम शाबूत दिसतो.

आणि हे सगळं झाल्यावर घर पुन्हा रिकामं ठेवायचं नाही. एका ठिकाणी दुरुस्ती छान झाली होती, पण वीज मीटरचा अर्ज काम संपल्यावर केला गेला, भाडेकरूंची यादी त्याच्याही नंतर निघाली, आणि मधल्या काळात नळ, खिडक्यांच्या फ्रेमा, अगदी संडासाची दारंसुद्धा गेली. तोच खर्च दुसऱ्यांदा, तोही लोकांच्याच पैशातून. त्यामुळे मीटरचे अर्ज आणि भाडेकरूंची निवड दुरुस्ती चालू असतानाच सुरू करा, आणि सगळं संकुल एकदम उघडायच्या नादात न पडता एकेक बिल्डिंग पूर्ण करून लगेच भरा.

भाडं मनाने ठरवू नका, सुरुवातीचं भाडं स्थानिक सर्वे करून ठरवायचं असतं, आणि एआरएचसीत वाढ दर दोन वर्षांनी ८ टक्के, पाच वर्षांत जास्तीत जास्त २० टक्के अशी ठरलेली होती. भाडेकरू येत नसतील तर आधी भाडं अधिक बसचा खर्च असा हिशोब करून बघा, नुसत्या भाड्याने काही कळत नाही.

पंप, टाकी धुणं, जिन्यातले दिवे यांना दरमहा पैसे लागतात, ते भाड्यातून वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिथेच राहणारा एक माणूस देखभालीला नेमा. शेवटचं बिल पास करायची घाई नको. पहिला जोरदार पाऊस होऊन गेला की वरच्या मजल्यावर जाऊन छताला हात लावून बघा, तोवर कॉन्ट्रॅक्टरचं डिपॉझिट सोडू नका.